पाय बधीर झाले म्हणून चालणं सोडू नका

सकाळी बेसिनपाशी तोंड धुताना चेहऱ्याला साबण लावला, डोळे मिटले आणि एकदम पुढे झोक गेला, हात आपोआप बेसिनच्या कडेला गेला, असं तुमचं होतं का? सदरा डोक्यातून घालताना भिंतीला टेकावं लागतं का? दिवे गेले की घरातल्या घरातही पाऊल टाकायला भीती वाटते का? पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी दोन-चार पावलं कळत नाही, असं कधी झालंय का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल आणि तुम्हाला बरीच वर्षं मधुमेह असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्यांना हे वाचून दाखवा.

हे वयामुळे होतंय, अशक्तपणा आहे, असं म्हणून आपण सोडून देतो. कुणी चक्करेची गोळी आणून देतं. पण ही चक्कर नसते. डोकं गरगरत नाही, घर फिरत नाही. फक्त पायाखाली जमीन आहे की नाही याचा भरवसा वाटत नाही. बरेच जण सांगतात, ‘कापसावरून चालल्यासारखं वाटतं.’ याच्याइतकं नेमकं वर्णन मला पुस्तकातही सापडलेलं नाही.

उभं राहताना आपला तोल तीन गोष्टी मिळून सांभाळतात. डोळे, कानाच्या आतलं तोल राखणारं इंद्रिय, आणि पाय. तळव्याची कातडी आणि घोट्याचे सांधे मेंदूला सतत कळवत असतात: भार टाचेवर आहे, आता चवड्यावर गेला, जमीन उतरती आहे, खाली खडी आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा खराब होऊ लागतात, आणि सगळ्यात आधी सगळ्यात लांब नसा, म्हणजे पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या. मुंग्या येतात, जळजळ होते, रात्री चादरीचा स्पर्शही नकोसा होतो. काहींना यातलं काहीच होत नाही, पाय नुसता हळूहळू बधीर होत जातो. मग मेंदूला पायांकडून खबर मिळेनाशी होते आणि तो सगळा भार डोळ्यांवर टाकतो. म्हणून उजेडात सगळं ठीक चालतं, आणि बेसिनपाशी डोळे मिटले की झोक जातो.

आपल्या देशात हा प्रश्न लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. मधुमेह जुना होत जातो तसतसा जवळजवळ निम्म्या लोकांच्या नसांवर कधी ना कधी त्याचा परिणाम होतो. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी बसलेली मंडळी बघितली, तर त्यांत असे दोन-तीन जण सहज निघतील.

आता या लोकांचं घरात काय होतं ते बघा. एकदा बाथरूममध्ये पाय सरकतो. फार लागत नाही, पण घर घाबरतं. मुलगा म्हणतो, ‘बाबा, आता खाली जाऊ नका, काय हवं ते सांगा.’ सून पाण्याचा तांब्या हातात आणून देते. सगळं प्रेमापोटी चाललेलं असतं. पण बसून राहिल्याने पिंढऱ्या आणि मांड्या बारीक होतात, घोटे आखडतात, साखर वाढते, आणि भीतीमुळे माणूस पावलं आखूड टाकायला लागतो, नजर जमिनीवरून उचलत नाही. सहा महिन्यांनी तो पूर्वीपेक्षा जास्त सहज पडतो. म्हणून मला इथे सगळ्यात ठामपणे सांगायचंय ते हे: जखम नसेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर बधीर पायांच्या माणसाने चालणं सोडायचं नाही. त्याने तोल सावरण्याचा सराव करायचा. आजारपणानंतर जसा हातापायांचा व्यायाम शिकवतात, तसा तोलाचाही व्यायाम असतो, आणि तो उपयोगी पडतो.

हे केवळ धीर देण्यासाठी सांगत नाही. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला अशा ७१ मधुमेही लोकांवर एक नीट आखलेला प्रयोग झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांना बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, चालण्याचा, तोलाचा आणि पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला. त्यांची चाल वाढली, तोल सुधारला, घोट्यात आणि खुब्यात ताकद आली, आणि पडण्याची धास्ती कमी झाली. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही बराचसा फायदा टिकून होता. बधीरपणा या व्यायामाने जातो असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. गेलेली संवेदना बहुतेक वेळा पूर्ण परत येत नाही. सुधारतात ते उरलेले भाग: स्नायू जोरकस होतात, घोटा वेळेवर वळतो, झोक गेला की पाऊल पटकन पुढे पडतं, आणि मेंदू उरलेल्या संवेदनेचा चांगला उपयोग करायला शिकतो. पडता पडता सावरायला एवढं पुष्कळ आहे.

पण आधी तपासणी. आपल्याकडे मधुमेहाची तपासणी म्हणजे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, आणि तीन महिन्यांची सरासरी. फाईल पुढे सरकवायची, डॉक्टर आकडे बघतात, गोळी वाढवतात किंवा तीच ठेवतात, पुढचा नंबर. पाय बुटातच राहतात. माझी कळकळीची विनंती आहे, की पुढच्या वेळी फाईल देण्याआधी मोजे काढा आणि म्हणा, ‘डॉक्टर, माझे पाय बघा.’ दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक धागा तळव्याला टेकवून बघतात, कंप पावणारा चिमटा अंगठ्याच्या हाडावर ठेवतात, घोट्यावर हातोडी मारतात, पायाची नाडी चाचपतात. पाच-दहा मिनिटांचं काम. वर्षातून एकदा प्रत्येक मधुमेही माणसाचं हे झालंच पाहिजे. त्याच वेळी सांगा की माझा तोल जातो. पाय एकत्र ठेवून डोळे मिटायला लावून ते बघतील. ही परीक्षा घरी एकट्याने करून बघू नका.

बी-१२ ची तपासणीही मागून घ्या. ही गोष्ट पुणेकरांनी तर विशेष लक्षात ठेवायला हवी, कारण याचं मोठं काम पुण्यातच झालं. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं: काही खेड्यांतले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गातले. २००६ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. ६७ टक्के लोकांमध्ये हे जीवनसत्त्व कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. हे सगळे आजारी लोक नव्हते, साधे हिंडते-फिरते पुरुष होते. आता बघा: बी-१२ कमी पडलं तरी पाय बधीर होतात आणि तोल जातो. आपल्यापैकी अनेक जण शाकाहारी. आणि मधुमेहाची सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी, मेटफॉर्मिन, वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ आणखी खाली जाऊ शकतं. गोळी चांगली आहे, ती आपल्या मनाने बंद करायची नाही. पण सगळं खापर साखरेवर फोडून बसलो आणि भरून निघण्यासारखी एक उणीव तशीच राहून गेली, असं व्हायला नको.

औषधांबद्दलही एक सांगून ठेवते. पायांच्या जळजळीसाठी जी औषधं देतात, प्रेगाबालिन, गाबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन, त्यांनी झोप आणि गुंगी येऊ शकते. रक्तदाबाच्या गोळीने, किंवा मधुमेहानेच आतल्या नसा बिघडल्याने, अंथरुणातून एकदम उठल्यावर रक्तदाब खाली जातो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. इन्सुलिन किंवा काही गोळ्यांनी साखर एकदम उतरली की थरथर सुटते, घाम येतो, पाय लटपटतात. ही तीनही कारणं वेगळी आणि तीनही उपाय वेगळे. म्हणून ‘तोल जातो’ एवढंच सांगून थांबू नका. कधी जातो, उठल्यावर की अंधारात की जेवण लांबल्यावर, ते सांगा. फिरायला जाताना खिशात साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी असू द्या. आणि अंथरुणातून उठताना आधी कडेला दोन मिनिटं बसा, मगच उभे राहा.

आता सराव. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, तुमचा तोल किती गेलाय ते बघून तेच व्यायाम ठरवतील. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात हा विभाग आहे, शहरात फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत. दोन-चार वेळा जाऊन शिकलात की बाकीचं घरीच करायचं असतं, आणि त्यासाठी तुमच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा ही उत्तम जागा आहे. उंचीला नेमका, पक्का, हलणार नाही असा. गॅस बंद असताना, जमीन कोरडी असताना, पायात मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घालून ओट्याकडे तोंड करून उभे राहा.

दोन्ही हात ओट्यावर ठेवा. टाचा हळू उचला, चवड्यांवर या, क्षणभर थांबा, तितक्याच हळू खाली या. टाचा धाडकन आपटू नका, हळू खाली येतानाही पिंढरी काम करते. दहा वेळा. मग उलट, टाचा जमिनीवर ठेवून चवडे उचला. हे बऱ्याच जणांना अवघड जातं, कारण नडगीच्या बाजूचा हा स्नायू मधुमेहात लवकर ढिला पडतो. तो ढिला पडला की चालताना पायाची बोटं नीट उचलली जात नाहीत आणि पायपुसण्याच्या कडेला अडकतात. ‘मी कशाला अडखळलो तेच कळलं नाही’ असं म्हणणाऱ्यांचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं.

मग ओट्याच्या कडेने आडवं चाला, चार पावलं उजवीकडे, चार डावीकडे. मग एका पावलाच्या पुढे दुसरं, टाच आणि अंगठा जवळजवळ चिकटवून, दहा-पंधरा सेकंद उभे राहा. मग एक पाय जमिनीपासून बोटभर उचला. हे जमायला लागलं की आधार कमी करत जायचा. आधी दोन्ही हात, काही दिवसांनी एक हात, मग नुसती दोन बोटं टेकवलेली. या बोटांचं महत्त्व ओळखा. नुसता हलका स्पर्श, ज्यावर काहीच भार नाही, तोही शरीराचं डोलणं कमी करतो, कारण पायांकडून न मिळणारी खबर मेंदूला हाताकडून मिळते. काठीही याचसाठी धरायची. काठी घेतली म्हणजे म्हातारपण आलं असं मानून ती कपाटामागे ठेवणारे खूप आहेत. काठीमुळे तुमच्या हाताला जमीन कळते. खाली चांगलं रबर लावलेली आणि हात सैल सोडल्यावर मनगटापर्यंत येईल एवढ्या उंचीची काठी घ्या.

एक व्यायाम ओट्याशिवायचा: भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि हळू बसायचं. आठ-दहा वेळा. सुरुवातीला हात टेकावे लागले तरी चालतील. संडासात, रिक्षातून उतरताना, पीएमपीच्या सीटवरून उठताना हीच ताकद लागते. डोळे मिटून करायचे व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टसमोरच. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरेत, पण बारा आठवडे चिकाटी ठेवा. आठवड्याभरात फरक पडला नाही म्हणून सोडणाऱ्यांची संख्या फार आहे.

भिंतीचा, खुर्चीचा आधार घेऊन व्यायाम करण्यात कमीपणा वाटत असेल, तर याच शहरात राहून ज्यांनी जगाला योग शिकवला त्यांची पद्धत आठवा. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले. १९७५ साली त्यांची संस्था मॉडेल कॉलनीत उभी राहिली. खुर्ची, भिंत, दोर, पट्टा, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने आजारी आणि वृद्ध माणसांनाही आसनं करता येतात हे त्यांनी दाखवून दिलं. भिंतीला पाठ लावून केलेलं ताडासन, भिंतीला हात टेकवून केलेलं वृक्षासन हे तोलाचेच व्यायाम आहेत. योगवर्गाला जात असाल तर शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा की माझ्या तळव्यांना संवेदना कमी आहे.

आणि आता पादत्राणं, जिथे आपण सगळ्यात जास्त चुकतो. ‘सकाळी हिरवळीवर अनवाणी चाला, मधुमेह जातो’ हा सल्ला बागेत बाकावर बसून फुकट मिळतो. बधीर पायाच्या माणसाने तो कधीही ऐकू नये. काटा, काच, खिळा रुततो आणि कळत नाही. संध्याकाळी मोज्यावर डाग दिसतो तेव्हा कळतं. मधुमेहात पाय कापावा लागतो त्यातल्या बहुतेकांची सुरुवात अशा एका साध्या जखमेपासून झालेली असते. टोकदार गाठींच्या ‘ॲक्युप्रेशर’ चपला त्याहून वाईट. अंगठ्याची सैल स्लीपरही नको, ती निसटू नये म्हणून बोटं आवळून चालावं लागतं आणि तरी ती निसटतेच. पुढे रुंद, मागे पट्टा, आत मऊ, तळ न घसरणारा असा जोड घ्या. घालण्याआधी आत हात घालून बघा, खडा असतो. एमसीआर नावाचं मऊ रबर असलेल्या चपला मिळतात. पाय बधीर झालेल्या कुष्ठरुग्णांसाठी त्या वापरात आल्या, आणि म्हणून काहींना त्या घालायला नको वाटतात. संवेदना नसलेल्या पायाला जखमेपासून वाचवायचं हे ज्ञान वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांच्यासारख्यांनी कुष्ठरुग्णांची सेवा करत मिळवलं. त्याचा लाभ घेताना कसला संकोच?

स्वयंपाकघरात आणि देवघरात चपला चालत नाहीत, हे आपलं घर आहे. मग घरात वापरायला वेगळा स्वच्छ जोड ठेवा, तो बाहेर न्यायचा नाही. देवळात जाताना जाड मोजे घाला आणि एप्रिल-मे महिन्यात दुपारच्या तापलेल्या फरशीवर पाऊल टाकू नका, बधीर तळवा भाजतो तेव्हा ओरडत नाही. गरम पाण्यात पाय शेकत बसणंही तसंच धोक्याचं. पालखीबरोबर आळंदीपासून पुण्यापर्यंत तरी चालायचंच असं मनात असेल, तर आधी पाय तपासून घ्या, बूट घालून चाला, आणि प्रत्येक विसाव्याला मोजे काढून तळवे कुणाला तरी दाखवा. विठ्ठलाला अनवाणी पायांचा हट्ट नसतो.

फिरायला जायचं ते सपाट जागी. वेताळ टेकडीची खडबडीत वाट किंवा पर्वतीच्या पायऱ्या ही सुरुवातीची जागा नाही. चढणं जमतं, उतरताना फसगत होते, कारण उतरताना पाऊल कुठे पडतंय ते पायाला कळावं लागतं. सारसबागेतली किंवा कमला नेहरू पार्कमधली फरसबंद वाट बरी. उजाडल्यावर निघा, पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरून जाऊ नका, पावसाच्या दिवशी सोसायटीच्या लॉबीत फेऱ्या मारा. सुरुवात दहा मिनिटांनी केली तरी चालेल. चालताना फोनवर बोलू नका. तळव्यावर जखम किंवा फोड असेल तर चालणं बंद आणि डॉक्टरांकडे जाणं त्याच दिवशी. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम, लाल आणि सुजलेलं वाटलं तर दुखत नसलं तरी त्यावर भार देऊ नका. आतली हाडं खचत असण्याची ती खूण असू शकते, आणि तिथे एका दिवसाचा उशीरही महागात पडतो.

घरातल्यांनी थोडं करायचंय. खोलीपासून संडासापर्यंत रात्रभर छोटा दिवा, बाथरूममध्ये भिंतीत पक्का बसवलेला दांडा (टॉवेलची दांडी नव्हे, ती उपटून येते), सरकणारी पायपुसणी काढून टाकणं. हजार-दोन हजारांत होतं. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेचा खर्च ज्यांनी केलाय त्यांना विचारा.

आणि महापालिकेलाही एक सांगणं आहे. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ करून दाखवले. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. हे सगळं चांगलं झालं. पण बधीर पायाच्या माणसाला एक दिवसाचा रस्ता पुरत नाही. त्याला रोजच्या दूधवाल्यापर्यंतचा पदपथ लागतो: उखडलेला पेव्हर ब्लॉक नसलेला, मध्येच एक फूट खाली न उतरणारा, दुचाकी न चढणारा. तुमच्या गल्लीतला उखडलेला ब्लॉक दिसला तर फोटो काढून क्षेत्रीय कार्यालयात तक्रार करा, आणि ती मिटेपर्यंत पाठपुरावा करा. तिथे पडणारं माणूस तुमच्याच इमारतीतलं असेल.

मुलांनो, सुनांनो, नातवंडांनो, येत्या रविवारी सकाळी अर्धा तास काढा. आई-बाबांचे तळवे उजेडात नीट बघा, बोटांच्या बेचक्यांतही. मग ओट्यापाशी त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा आणि त्यांना टाचा उचलू द्या. झोक गेला तरच धरा. एरवी हात मागे ठेवा, सावरायचं काम त्यांच्या पायांना करू द्या.